धुराची खतावणी

(वाई येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका निवृत्त बाष्पक अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



वाईसारख्या गावात बोलायला उभे राहताना माझ्यासारख्या यंत्रशाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला थोडे दडपण येते. धर्मकोश आणि मीमांसाकोश ज्या प्राज्ञपाठशाळेत आकाराला आले, ती या गावात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, तेही येथेच. १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. इथून कोस-दीड कोसावर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. फडणीस म्हणजे राज्याचे दप्तर आणि हिशेब सांभाळणारा अधिकारी. त्या वाड्यातले दप्तर आजही इतिहासाच्या अभ्यासकांना उपयोगी पडते. नोंद नेमकी असावी, आकडा खरा असावा, ही शिस्त या मातीला नवी नाही. म्हणूनच आज एका वेगळ्या हिशेबाविषयी आपल्याशी बोलण्याचे मी ठरवले आहे. तो हिशेब आहे धुराचा.

धूर हा शब्द मी सैलपणे वापरतो आहे. धुराड्यातून दिसणारा काळा धूर म्हणजे काजळी. आपला विषय आहे त्यातला न दिसणारा भाग : कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि त्याच्या जोडीला अल्प प्रमाणात मिथेन व नायट्रस ऑक्साइड. हे वायू पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवतात. १९५८ मध्ये हवाई बेटावर कर्बवायूची नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ पर्यंत हे प्रमाण ४२० च्या पुढे गेले. या वाढीत सर्वांत मोठा वाटा इंधन जाळण्याचा आहे. त्यातही मोटारी, आगगाड्या, विमाने वगळून एका जागी उभ्या असलेल्या भट्ट्यांचा, म्हणजे वीजकेंद्रे, कारखान्यांचे बॉयलर, विटांच्या भट्ट्या, जनरेटर, गुऱ्हाळांची चुलवाणे आणि घरातल्या शेगड्या यांचा विचार आज करू.

सिलिंडरपेक्षा धूर जड

प्रारंभ माता-भगिनींच्या परिचयाच्या वस्तूने करतो. घरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो संपेपर्यंत हवेत किती कर्बवायू गेला असेल? बहुतेक जण म्हणतील, फार तर १४ किलो. प्रत्यक्षात तो सुमारे ४२ किलो असतो.

यात जादू काही नाही. इंधनातला कार्बन जळतो म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतो. कार्बनचे १२ भाग प्राणवायूचे ३२ भाग ओढून घेतात आणि ४४ भाग कर्बवायू तयार होतो. म्हणजे एक किलो कार्बन जळाला की ३.६७ किलो कर्बवायू होतो. वरचे वजन हवेतून येते. याच न्यायाने जनरेटरमध्ये एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू बाहेर पडतो. मंगल कार्यालयात लग्नाच्या दिवशी वीज गेली आणि १०० लिटर डिझेल लागले, तर पावणेतीन क्विंटलच्या जवळपास वायू हवेत गेला. तो दिसत नाही, म्हणून त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

तीन आकड्यांचा गुणाकार

हा हिशेब करण्यासाठी धुराड्यावर चढावे लागत नाही. जगभर मान्य असलेली रीत अगदी साधी आहे : जेवढे इंधन जळले त्याचे वजन, गुणिले त्या इंधनाच्या एका टनातून मिळणारी उष्णता, गुणिले त्या उष्णतेच्या एका मापामागे सुटणारा वायू. पहिल्याला इंधनाचा वापर म्हणावे, दुसऱ्याला उष्मांक, तिसऱ्याला उत्सर्जन गुणांक. आयपीसीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २००६ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांच्या दुसऱ्या खंडात स्थिर भट्ट्यांसाठी हीच रीत दिली आहे.

गुणाकार शाळकरी मुलालाही येईल. अवघड आहे ते आकडे खरे मिळवणे. याचा धडा मला नोकरीच्या पहिल्या वर्षी मिळाला, आणि तो देणारा कोणी पदवीधर नव्हता.

एका कारखान्यात माझ्याकडे बॉयलरच्या इंधनाचा मासिक ताळेबंद होता. मी वजनकाट्याच्या पावत्यांची बेरीज करून तेवढा कोळसा जळला असे लिहीत असे. जुलै महिन्यात अचानक असे दिसू लागले, की कोळसा भरपूर जळतो आहे आणि वाफ मात्र कमी मिळते आहे. मी बॉयलरवरच्या माणसांना बोल लावला. पंचवीस वर्षे भट्टीसमोर उभा असलेला एक फायरमन शांतपणे म्हणाला, "सायेब, काट्यावर पानी बी वजन देतंया. तुमी पानी लिवलंया कोळशाच्या वहीत." उघड्यावर पडलेला, पावसात भिजलेला कोळसा गाडीत भरून येत होता आणि मी त्यातले पाणी जाळल्याचा हिशेब मांडत होतो. वर महिन्याअखेरीस यार्डात उरलेला ढीगही मी वजा केलेला नव्हता. चूक त्या माणसांची नव्हती, माझ्या वहीची होती. त्या दिवसापासून मी तीन गोष्टी पाळल्या : सुरुवातीचा साठा, आलेला माल आणि अखेरचा साठा यांवरून वापर काढायचा, कोळशाचा ओलावा तपासायचा, आणि भट्टीवरच्या माणसाला विचारल्याशिवाय वहीवर सही करायची नाही.

दुसरी चूक पुष्कळ सुशिक्षित माणसे करतात. उष्मांक दोन प्रकारचे असतात, स्थूल आणि निव्वळ. जळताना तयार झालेल्या पाण्याच्या वाफेतली उष्णताही धरली तर तो स्थूल उष्मांक. ती वाफ धुराड्यातून निघून जाते म्हणून वगळली तर निव्वळ. आपल्या देशात २०१२ पासून कोळशाची प्रतवारी स्थूल उष्मांकावर होते, म्हणून बिलावरही तोच असतो. आंतरराष्ट्रीय गुणांक मात्र निव्वळ उष्मांकासाठी दिलेले आहेत. एक आकडा बिलावरून आणि दुसरा पुस्तकातून उचलून गुणाकार केला, की कोळशाच्या बाबतीत साधारण ५ टक्के आणि नैसर्गिक वायूच्या बाबतीत साधारण १० टक्के उत्सर्जन फुगते. मण आणि क्विंटल एकाच बेरजेत घालावेत, तसाच हा प्रकार.

तिसरी बाब राखेची. १००० टन कोळशातून ४०० टन राख निघाली आणि तिच्यात ५ टक्के कार्बन न जळता राहिला, तर २० टन कार्बन राखेबरोबर बाहेर गेला. म्हणजे ७३ टन कर्बवायू तयारच झाला नाही. राखेचा नमुना प्रयोगशाळेत तपासला तरच हे कळते. मालकाच्या दृष्टीने मात्र ती पैशाची राख आहे. तो कार्बन विकत घेतलेला होता.

आकडा कोणाचा?

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. वापराचा आकडा आपल्या यार्डात मिळतो. उष्मांक आणि गुणांक कोठून आणायचे?

मार्गदर्शक तत्त्वांत तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर पुस्तकात छापलेली जागतिक सरासरी वापरायची. दुसऱ्या पायरीवर आपल्या देशातील इंधन तपासून काढलेले आकडे घ्यायचे. तिसऱ्या पायरीवर त्या त्या कारखान्यात प्रत्यक्ष मोजणी करायची. पहिली पायरी ज्याच्याजवळ स्वतःचे काही नाही त्याच्यासाठी आहे. तिथेच बसून राहिले तर काय होते, ते कोळशाच्या उदाहरणावरून पाहू.

त्या पुस्तकात बिट्युमिनस कोळशाच्या नेहमीच्या वर्गासाठी उष्मांक २५.८ आणि गुणांक ९४.६ दिला आहे. मापांच्या तपशिलात शिरत नाही. गुणाकार केला की १००० टन कोळशामागे २,४४१ टन कर्बवायू येतो. आपल्या शास्त्रज्ञांनी भारतीय खाणींतील कोळशाचे नमुने तपासले. २००४ साली भारताने संयुक्त राष्ट्रांकडे हवामानविषयक पहिला राष्ट्रीय अहवाल सादर केला, त्यात हे आकडे आले. वीजकेंद्रांत जाळल्या जाणाऱ्या कोळशाचा उष्मांक १९.६३ आणि गुणांक ९५.८१ निघाला. त्यावरून १००० टनांमागे १,८८१ टन कर्बवायू होतो. दोहोंत ५६० टनांचा फरक आहे. तेच वजन, तीच भट्टी. परंतु परक्या सरासरीने आपल्या खात्यावर जवळजवळ ३० टक्के जास्त नावे पडले असते.

असे होऊ शकते याचा अनुभव देशाला आधीच आला होता, आणि तो भातशेतीच्या बाबतीत. पाणी साचलेल्या खाचरांतून मिथेन निघतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजात भारतीय भातशेतीवर वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन टाकला गेला होता. मोजणी झाली होती युरोप-अमेरिकेतल्या शेतांत आणि आकडा चिकटवला गेला आपल्या शेतकऱ्याला. १९९१ साली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांच्या मार्गदर्शनाखाली देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रत्यक्ष मोजणी झाली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन. नवव्या-दहाव्या हिश्शाइतका! आपल्या शास्त्रज्ञांनी निषेधाचे पत्रक काढून थांबणे पसंत केले नाही. ते खाचरांत उतरले आणि मोजून आले. म्हणून जगाला ते मान्य करावे लागले.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी खरा हवा

बंधूंनो, येथे टाळ्या वाजवून थांबण्याचा मोह होतो. मी तो टाळणार आहे, कारण त्याच आकड्यांत आपल्याला न आवडणारी गोष्टही लिहिलेली आहे.

एका टनामागे आपला कोळसा कमी कर्बवायू देतो, तो स्वच्छ आहे म्हणून नव्हे. त्यात राख जास्त आहे म्हणून. ज्या टनात राख अधिक, त्यात जळण्यासारखे कमी. तेवढीच वाफ करायला पुस्तकातल्या कोळशाचा एक टन पुरत असेल, तर आपला सुमारे १.३ टन लागतो. आणि उष्णतेच्या एकाच मापामागे पाहिले तर आपला गुणांक ९५.८१, पुस्तकातला ९४.६, म्हणजे आपला किंचित जास्तच. लिग्नाइटचे तसेच. पुस्तकात त्याचा गुणांक १०१ आहे, आपल्या लिग्नाइटचा १०६.१५ निघाला. तो आकडाही आपल्या शास्त्रज्ञांनी त्याच अहवालात लिहिला, लपवला नाही.

आणखी एक गंमत सांगतो. त्याच पुस्तकात कमी प्रतीच्या, सब-बिट्युमिनस कोळशाचे आकडे घेतले तर १००० टनांमागे १,८१६ टनच येतात, म्हणजे आपल्या खऱ्या आकड्यापेक्षा कमी. ज्याला फुगवून दाखवायचे तो पहिला वर्ग निवडील, ज्याला लपवायचे तो दुसरा. दोघेही पुस्तकाचाच आधार सांगतील. खरे काय ते नमुना तपासणाऱ्यालाच कळते. आपल्या देशाचा आकडा आपणच मोजावा, हा आग्रह रास्त आहे. परंतु तो सोयीचा निघो वा गैरसोयीचा, जसा निघेल तसा लिहू, ही प्रतिज्ञा त्या आग्रहासोबत असली पाहिजे. एका ठिकाणी खोटेपणा सापडला की भातशेतीसारखा खरा आकडाही कोणी मानणार नाही.

चिपाड आणि चूल

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. भुईंजच्या सहकारी साखर कारखान्याला प्रतिसरकारच्या लढ्यातील किसन वीर यांचे नाव आहे. सातारा-सांगली पट्ट्यात असे कितीतरी कारखाने उभे राहिले. त्यांचे बॉयलर मुख्यतः उसाच्या बगॅसवर चालतात. याचा हिशेब कसा करायचा?

कोणत्याही एका कारखान्याचे नाव न घेता कल्पना करू, की दिवसाला ५,००० टन उसाचे गाळप होते. साधारण ३० टक्के, म्हणजे १,५०० टन ओले बगॅस निघते. ते सगळे जाळले असे धरले, तर दिवसाला अकराशे टनांच्या आसपास कर्बवायू धुराड्यातून जातो. आकडा मोठा आहे. परंतु आंतरराष्ट्रीय रीतीनुसार तो ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत. वेगळ्या रकान्यात केवळ माहितीसाठी लिहितात. कारण उसाने तो कार्बन वर्ष-दीड वर्षापूर्वी याच हवेतून घेतला होता आणि पुढचा ऊस, खोडवा तो पुन्हा घेणार आहे. खाणीतला कोळसा मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गेलेला कार्बन वर आणतो. तो परत नेणारे पीक नाही.

म्हणून बगॅसचा धूर अगदी शून्य मानायचा का? नाही. अपुऱ्या ज्वलनातून निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड बेरजेत धरावेच लागतात. वरच्या उदाहरणात ते दिवसाला सुमारे २१ टन कर्बवायूइतके भरतात. आणि गळीत हंगाम संपल्यावर वीज विकण्यासाठी त्याच बॉयलरमध्ये कोळसा टाकला, तर त्याचा प्रत्येक टन पूर्ण किमतीने मांडावा लागतो. हंगामात हिरवा आणि उन्हाळ्यात काळा, असे एकाच धुराड्याचे दोन हिशेब होतात. ते एकत्र कालवून चालत नाही. डोंगर उतारावरची झाडे तोडून वीटभट्टीत घातली तर तोही हिशेब 'लाकूड आहे, पुन्हा उगवेल' म्हणून सुटत नाही. जंगल खरोखर कमी झाले असेल तर ती तूट जमिनीच्या खात्यात लिहिली जाते. धूर एका वहीतून निसटला तरी दुसऱ्या वहीत सापडतो.

ज्वलन कसे होते यालाही महत्त्व आहे. तेच लाकूड मोठ्या, नीट हवा दिलेल्या बॉयलरमध्ये जाळले आणि घरातल्या चुलीत जाळले, तर चुलीतून सुटणारा मिथेन साधारण दसपट धरला जातो. गुऱ्हाळातल्या चुलवाणावर अनुभवी माणूस चिपाड थोडे थोडे, सारखे टाकतो. नवशिका एकदम ढीग लोटतो आणि काळा धूर काढतो. पहिल्याची काहील लवकर उकळते, चिपाडही कमी लागते. चुलीपुढे डोळे चोळत बसलेल्या आपल्या आई-आजींनी हा हिशेब फुप्फुसांत भरला. स्वयंपाकघरात गॅस आला तेव्हा त्यांची सुटका झाली, याची जाणीव हा हिशेब मांडताना ठेवली पाहिजे. गरिबाच्या घरातील गॅसच्या ४२ किलोंवर बोट ठेवण्याआधी ज्यांच्या घरात, कार्यालयात गरज नसताना यंत्रे चालतात, त्यांनी आपली वही उघडावी.

आज याची निकड का?

कोणी विचारील, अभियंत्यांचा विषय आम्हाला कशाला? याचे उत्तर बाजारपेठेत आहे. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालाबरोबर त्याच्या उत्सर्जनाची माहिती मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यावर प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. ज्या उत्पादकाकडे मोजणीचा ग्राह्य पुरावा नसेल, त्याच्या मालाला त्यांनी ठरवलेले गृहीत मूल्य लावले जाते, आणि तसे मूल्य उत्पादकाला सहसा महागच पडते. ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती उभी केली, त्यांनी आज हा कर बसवावा यात न्याय किती, हा प्रश्न योग्यच आहे आणि आपल्या देशाने तो मांडलाही आहे. परंतु तो प्रश्न सुटेपर्यंत ज्याची वही कोरी आहे, त्याच्या वतीने दुसरा कोणी आकडा लिहिणार, हे वास्तव आहे.

देशांतही हीच दिशा आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने कार्बन पत व्यापार योजना अधिसूचित केली. मोठ्या उद्योगांना उत्पादनाच्या एककामागे किती उत्सर्जन, याचे लक्ष्य मिळणार आणि त्यापेक्षा चांगले काम करणाऱ्याला पत मिळणार. राष्ट्राचा ताळेबंदही आपण नियमित सादर करतो. डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात २०२० या वर्षाचे एकूण उत्सर्जन सुमारे २९६ कोटी टन कर्बवायूइतके होते. जंगले व जमिनीने शोषलेला भाग वजा जाता सुमारे २४४ कोटी टन. यातला तीन चतुर्थांश वाटा ऊर्जेचा आहे. हा राष्ट्रीय आकडा दिल्लीत बसून हवेतून काढता येत नाही. तो कोणत्या तरी यार्डातल्या वजनकाट्यापासून, कोणत्या तरी फायरमनच्या पाटीपासून सुरू होतो.

आपण काय करावे?

शेवटी तीन साध्या गोष्टी सुचवतो. आपल्यापैकी जे कारखान्यांत, सहकारी संस्थांत, रुग्णालयांत, कार्यालयांत जबाबदारीच्या जागी आहेत, त्यांनी इंधनाची एक स्वतंत्र वही घालावी : कोणते इंधन, किती आले, किती उरले, उष्मांक स्थूल की निव्वळ, ओलावा किती. वर्षातून एकदा तरी इंधन आणि राखेचा नमुना तपासून घ्यावा. जे संचालक मंडळावर आहेत त्यांनी वार्षिक सभेत साखरेच्या उताऱ्याबरोबर हा आकडाही विचारावा. आणि प्रत्येक कुटुंबाने एक वर्ष आपल्या घराची नोंद करून पाहावी. सिलिंडरमागे ४२ किलो आणि विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो, कारण आपल्या घरातल्या दिव्याचा धूर दूर कोठेतरी, चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या धुराड्यातून निघत असतो. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घरामागे तो महिन्याला १०५ किलोंच्या घरात जातो. मुलांना गणिताच्या सुट्टीतल्या अभ्यासाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

मला ज्याने शिकवले त्या फायरमनला कर्बवायूचे नावही ठाऊक नसावे. परंतु जे जळले नाही ते जळाले असे लिहू नये, हे त्याला माहीत होते. जे जळले ते लपवू नये, ही त्याचीच दुसरी बाजू. येत्या १ एप्रिलला आपण सर्वांनी आपापल्या संस्थेत आणि घरात ही वही सुरू करावी आणि पुढच्या वर्षी याच सभागृहात ती घेऊन यावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.